आमची वाटचाल: मूळचं रेक्झिन वाचवणारं दुकान

पुण्यात सीट कव्हर शिवणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले नाही. फियाट, पद्मिनी, ॲम्बॅसिडर, हेराल्ड अशी जुनी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा आत जे होतं, तेच दुरुस्त करून परत बसवायचं, हे आमचं काम. नाना पेठेत वडिलांनी ते सुरू केलं. बसवणी वडिलांची, शिलाई त्यांच्या भागीदाराची. भागीदारांना सगळे उस्तादच म्हणायचे. उसवलेल्या सीटला ते मशीन लावू देत नसत. वाकडी सुई घेऊन जुन्याच भोकांतून हाताने टाके घालायचे. शेजारी नवी भोकं पाडली की जुनं रेक्झिन टपाल तिकिटासारखं फाटतं. सीटचं कव्हर आतल्या तारेला अडकवणाऱ्या कड्या दाबायची त्यांची पक्कड आजही रोज वापरात आहे.

मधली वर्षं बरी गेली. उस्ताद गेले आणि आमच्याच हाताखाली तयार झालेल्या एकाने जवळच मोठं दुकान थाटलं. जाताना दोन कारागीर नेलेच, वर उस्तादांनी एकेका गाडीवरून उतरवलेले पुठ्ठ्याचे फर्मेही, म्हणजे मापाचे साचेही, नेले. आमच्या गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "जुनं काढून फेका, संध्याकाळी नवी गाडी घेऊन जा." लोक गेले. दुकानाचं भाडं थकलं, एक मशीन विकावं लागलं. ते मशीन वडिलांनी हप्त्यांवर घेतलं होतं.

त्या दिवसांत सर आले. सर म्हणजे सदाशिव पेठेतले निवृत्त प्राध्यापक, १९६६ची फियाट डिलाइट. मुलाने परस्पर गाडी त्या दुकानात दिलेली. सर पोचले तेव्हा दारांना आतून लावलेले पॅड भंगारात पडले होते. चारही उचलून, रिक्षात मांडीवर घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांनी हात लावलेली गाडी आहे. तूच कर." सगळे पैसे आधीच ठेवले. त्या महिन्याचे पगार त्यातून झाले.

पॅडचा हार्डबोर्ड खालून फुगलेला, क्लिपांची भोकं फाटलेली, रेक्झिन मात्र शाबूत. त्यावर कारखान्यात दाबून उमटवलेल्या रेघा नव्या रेक्झिनवर तशा उठत नाहीत, म्हणून ते वाचवायलाच हवं. हेअर ड्रायरने हलकी ऊब देत, पातळ पात्याने कडेकडेने ते सोडवलं. जुना बोर्ड वर ठेवून नव्या बोर्डावर एकेक भोक उतरवलं, बोर्डाच्या कडांना वॉर्निश पाजलं. मग मधून कडांकडे हात फिरवत रेक्झिन चिकटवलं. घाईने ओढलं असतं तर रेघा तिरक्या झाल्या असत्या.

पुढे ती गाडी जुन्या गाड्यांच्या रॅलीत गेली. तिथला आतल्या बाजूचा फोटो त्या दुकानदाराने स्वतःचं काम म्हणून काउंटरमागे लावला. अजून तिथेच आहे. सरांनी जाऊन काढायला सांगितलं, तरी नाही काढला. मला ते आजही सहन होत नाही.

आता गाड्या मुंबई-नाशिकहूनही येतात. त्या मालकांना दोन गोष्टी सांगतो. चकाकीचा सिलिकॉन स्प्रे डॅशबोर्डवर, सीटवर मारू नका; त्यावर पुढे ना रंग धरत, ना चिकटवायचं सोल्युशन. आणि डोअर पॅड फुगला की नुसता पॅड बदलू नका. काचेवरचं पाणी दारात उतरतंच. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाटला असेल तर नवा लावा, दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात नवा बोर्डही फुगेल. काढलेला पॅड, कितीही कुजला असला तरी, गाडीसोबत घेऊन या. त्याच्यावरूनच आम्ही नवा फर्मा उतरवून ठेवतो. गेलेले निम्मे फर्मे असेच परत जमले आहेत, हेराल्डचे अजून बाकी आहेत.