सुतळी ताठ असेल तरच

मी १९८८ च्या दहावीचा. स्मरणिकेच्या मंडळींनी फोनवर सांगितलं, "शाळेनं काय दिलं ते लिहा." संस्कारांवर बाकीचे लिहितीलच. मी सुतळीवर लिहितो.

भूमितीच्या सरांनी बिंदुपथ, म्हणजे एखादी अट पाळत फिरणाऱ्या बिंदूचा मार्ग, शिकवायला आम्हाला मैदानात नेलं होतं. एक खुंटी, बोहरी आळीतून आणलेली सुतळी आणि तिच्या टोकाला काटकी. मातीत वर्तुळ उमटलं. मग सरांनी दोन खुंट्या ठोकल्या, सुतळीची दोन टोकं दोन्हींना बांधली आणि काटकी माझ्या हातात दिली. "हे परीक्षेला नाही," म्हणाले. बहुधा म्हणूनच लक्षात राहिलं. काटकीपासून दोन्ही खुंट्यांच्या अंतरांची बेरीज कायम, म्हणून लंबवर्तुळ. माझा हात जरा ढिला पडला, तसे सर ओरडले, "सुतळी ताठ! सैल पडली की अट मोडली, लंबवर्तुळाचा बटाटा होईल." वर्गाला पुढे वर्षभर पुरेल एवढं हसू मिळालं.

पोटापाण्यासाठी मी यंत्रांच्या हालचालींचं सिम्युलेशन करतो. सुट्या भागाला हलायचे सहा मार्ग असतात. बिजागरी बसवली की त्यातले पाच बंद होतात. असे नेहमीचे जॉइंट ॲडम्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतात. न मिळणारी अट आपणच सबरुटीन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, लिहून सांगायची: उत्तर शून्य आलं म्हणजे अट पाळली. सरांचा बिंदुपथच, फक्त फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत.

चाकणच्या एका गिऱ्हाइकाची रुळांवरची ट्रॉली होती. रुळांपेक्षा उंचावर बसवलेला ड्रम फिरतो, वायररोप गुंडाळला जातो आणि ट्रॉली तिरकी ओढली जाते. ड्रमवर गुंडाळलेला रोप अधिक ट्रॉलीपर्यंतचा मोकळा रोप, बेरीज कायम. मोकळा भाग म्हणजे पायथागोरसचा कर्ण. ड्रमचं फिरणं आणि ट्रॉलीचं सरकणं मी कपलरनं, म्हणजे दोन हालचाली एका अटीत बांधणाऱ्या जोडानं, जोडलं. त्यासाठी तीन सबरुटीनं लागतात: एक अटीसाठी, दुसरं तिच्या पहिल्या डेरिव्हेटिव्हसाठी (म्हणजे बदलाच्या दरासाठी), तिसरं दुसऱ्यासाठी. वेगाला पहिली लागतात, त्वरणाला दुसरीही. पहिल्यांचं चिन्ह मी एकदा चुकवलं आणि सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, पुढे सरकेना. अख्खी दुपार गेली. कोन रेडियनऐवजी अंशांत दिला, तो वेगळा घोळ. असो.

खरी चूक नंतरची. सगळं सुरळीत चाललं, ग्राफ देखणे आले. ड्रमला झटक्यात ब्रेक लावला तर ट्रॉलीही जागच्या जागी थांबली. मी खूश. गिऱ्हाइकाकडचे फोरमन पडद्याकडे बघून म्हणाले, "साहेब, आमची ट्रॉली तर पुढे धावते, रोप खाली लोंबतो." मी रोपातल्या बलाचा ग्राफ उघडला. ब्रेकनंतर बल उणे! म्हणजे माझा रोप ट्रॉलीला मागे ढकलत होता. दोरीनं ओढता येतं, ढकलता येत नाही, हे बैलगाडीवाल्यालाही कळतं. पण समीकरणात मी बेरीज 'कायम' लिहिली होती. 'जास्तीत जास्त एवढी' असं लिहायला हवं होतं. सॉफ्टवेअरनं माझी अट इमानेइतबारे पाळली, लागेल तेवढं बल लावून.

गाडीत बसेपर्यंत सरांचा बटाटा आठवला.

कपलर काढून टाकला. त्याजागी बलाचं सबरुटीन लिहिलं: अंतर मोकळ्या रोपापेक्षा वाढलं तर ताठ स्प्रिंगसारखं ओढ, नाहीतर शून्य. सॉल्व्हर धिमा झाला, कारण रोप ताठ होण्याच्या क्षणी बल एकदम उसळतं आणि त्याला वेळेची पावलं फार बारीक टाकावी लागतात. पण ट्रॉली पुढे धावली, ग्राफ काही काळ शून्यावर आडवा पडला, मग रोप झटका देऊन ताठ झाला. फोरमन म्हणाले, "हां, आता आमच्यासारखी वागली."

त्या सबरुटीनमध्ये व्हेरिएबलचं नाव मी 'सुतळी' ठेवलं होतं. ते सबरुटीन अजून वापरात आहे. मागच्या वर्षी चेन्नईहून आलेल्या एका नव्या मुलीनं विचारलं, "सर, हा कशाचा शॉर्टफॉर्म?"