अर्धा कप वरण म्हणजे नेमकं किती?

ह्यांची शुगर वाढली म्हणून मागच्या महिन्यात इथं अमेरिकेत एका डाएटिशियनकडे गेलो होतो. बाई खूप चांगली, चाळीस मिनिटं बसून सगळं ऐकून घेतलं, आपल्या तालुक्याला डॉक्टरकडे एवढा वेळ कोणाला मिळतो सांगा. तिनं एक कागद दिला, त्यावर शिजवलेली डाळ किंवा बीन्स अर्धा कप म्हणजे 15 ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) असं लिहिलेलं. मी विचारलं, अर्धा कप कोणतं, गोळा वरण का पातळ वरण? तिला प्रश्नच कळला नाही.

आणि तेव्हापासून हा कप माझ्या डोक्यात बसला आहे. अमेरिकेचा कप लेबलवर 240 मिली, ऑस्ट्रेलियाचा 250, जपानचा 200. बरं कप एकच धरला तरी धान्य एकसारखं बसत नाही, इथल्या सरकारी तक्त्यात शिजलेले छोले एका कपाला 164 ग्रॅम, राजमा 177 आणि अख्खा मसूर 198, कारण छोला मोठा, दाण्यादाण्यात हवा राहते आणि मसूर मऊ होऊन दबून बसतो. आपली बरबटी, म्हणजे चवळी, साधारण 170. निदान हे दाणे तरी आहेत, पाणी निथळून मोजता येतात. पण वरणात पाणी कुठं संपतं आणि डाळ कुठं सुरू होते हे कोणता कप सांगणार?

मापानं मोजणं आपल्याला नवीन नाही हो. आमच्या घरी दारव्ह्याकडं आजी तूर पायलीनंच मोजायची, विकताना वरून हात फिरवून सपाट, आणि कोणाला उसनी द्यायची असली की शीग ठेवून. पण ती कोरडी तूर होती! शिजलेलं अन्न आजीनं कधी मापलं नाही, आणि त्यात मला तरी काही अडाणीपणा दिसत नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थासुद्धा डाळीचा एक वाटा 30 ग्रॅम धरते तो कच्च्या डाळीचाच.

हे सगळं मी आईला फोनवर सांगत होती तर ती म्हणे, "वरन काय मोजतं वं, डाय मोज ना."

तेच केलं. रिकाम्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, वजन केलं, 640 ग्रॅम, बुडाला मार्करनं लिहूनच ठेवलं. 200 ग्रॅम तुरीची डाळ घेतली, हळद-हिंग टाकून कुकरमध्ये शिजवली, मग गंजात ओतून घोटली, पाणी घालून उकळी आणली, गंजासकट वजन 1640. म्हणजे वरण बरोबर एक किलो, डाळीच्या पाचपट. ह्यांच्या वाटीत 150 ग्रॅम वरण वाढलं की 30 ग्रॅम डाळ पोटात गेली. परवा पाहुणे आले म्हणून 200 ग्रॅम पाणी जास्त टाकलं तर सहापट झालं, मग 180 ग्रॅम वाढलं, डाळ तेवढीच. कपानं मोजलं असतं तर त्या दिवशी ह्यांना डाळ कमी मिळाली असती आणि रात्री भूक लागली म्हणून अजून एक पोळी गेली असती.

आता पुढच्या गुरुवारी त्या बाईकडं परत जायचं आहे. आकडे सगळे वहीत लिहिले आहेत, वरण पण डब्यात घेऊन जाणार, एक घट्ट आणि एक पातळ.