आमची वाटचाल : बुरशीला पेज

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात केरीजवळ आमचं कुळागर आहे. नारळ-सुपारीवर भागेना, म्हणून डेंड्रोबियम या ऑर्किडची नर्सरी काढली. रोपं बाहेरून बाटल्यांतून यायची. एका पुरवठादाराकडची निम्मी रोपं पहिल्याच पावसात कुजली. तक्रार केली तर म्हणाला, "तुमची हवा दमट." गोव्यात आणखी कसली हवा असणार?

तेव्हा ठरवलं, परसातल्या फणसावर आपोआप वाढलेल्या सीतेच्या वेणीचंच, म्हणजे आपल्या रानातल्या ऑर्किडचंच, बी रुजवायचं.

पाऊस तोंडावर आला की तिला तुरे येतात. हातानं परागण केलं की शेंग धरते. ती फुटायच्या आत काढावी लागते. आतलं बी म्हणजे निव्वळ भुकटी. कागदावर घेऊन शिंक आली तर वर्षाची मेहनत हवेत (माझी गेलीय). एका शेंगेत हजारोंनी बिया, पण भाताच्या दाण्यात कोंबासाठी जो साठा असतो, तो यांच्यात नाहीच. रानात ठरावीक बुरशी बियांत शिरते आणि त्यांना पोसते, तेव्हा कुठे त्या रुजतात. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांना हे १८९९ मध्ये उमगलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं आणि सगळा धंदा त्या वाटेनं गेला. आम्ही जुन्या वाटेला लागलो.

फणसाच्या सालीला चिकटलेलं मूळ घेऊन त्याचे पातळ काप केले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशींत बुरशीच्या धाग्यांच्या गुंडाळ्या दिसल्या, लोकरीच्या गुंड्यांसारख्या. त्यातली एक सोडवून अगारवर (समुद्री शेवाळाच्या जेलीवर) वाढवायला माझा अख्खा पावसाळा गेला. दर खेपेला भलतीच हिरवी-काळी बुरशी आधी पसरायची. प्रयोगशाळा कसली, मासे ठेवायची काचेची पेटी आडवी घातलेली आणि घरचा प्रेशर कुकर. बिया ब्लीचच्या पाण्यात धुऊन ओट्सच्या अगारवर पेरायच्या, शेजारी बुरशीचा तुकडा ठेवायचा. आई एकदा बघत उभी राहिली. म्हणाली, "पावसात बुरशी धरली की लोक कपडे उन्हात घालतात, नि तू तिला पेज शिजवून घालतोयस!"

आणि पेजच चुकली होती. बुरशी जोमानं वाढावी म्हणून मी ओट्स सढळ हातानं घातले. ती माजली आणि बियाच खाऊन बसली. मग लिटरला जेमतेम तीन ग्रॅमवर आलो. अर्धपोटी ठेवली तेव्हा ती बियांशी नीट वागायला लागली. काही आठवड्यांनी भुकटीतले कण फुगले, पांढुरके मणी झाले, मग एकेकाच्या टोकाला हिरवा ठिपका. त्या रात्री वीज गेली होती, आम्ही टॉर्च लावून मणी मोजत बसलो.

यात पैसा सावकाश आहे, हे सरळ सांगतो. बी ते फूल यात काही वर्षं जातात. घर अजून डेंड्रोबियमच्या फुलांवर चालतं, लग्नसराईत जास्त. पण बुरशीसकट वाढलेली आमची रोपं बाटलीतून काढून नारळाच्या सोडणावर बांधली, तर त्यांतली थोडीच दगावली. जंगलातून ओरबाडलेली झाडं कोणी विकायला आणली तर आम्ही परत पाठवतो.

गेल्या मे महिन्यात त्याच फणसावर बांधलेल्या आमच्या एका रोपाला पहिली वेणी आली, वीतभरसुद्धा नव्हती. एका गिऱ्हाइकानं तिथल्या तिथे किंमत विचारली. म्हटलं, ही नाही, हिच्या शेंगा हव्यात.