आमची वाटचाल: जुन्या घडणीची लाकडी आमिषं

आमचा धंदा सुरू झाला तो दुरुस्तीच्या कामातून. गळाने मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींच्या पेटीत वडिलांकडून किंवा आजोबांकडून आलेलं एखादं लाकडी ल्यूर, म्हणजे माशाला भुलवणारं नकली आमिष, हमखास सापडतं. रंगाचे पोपडे निघालेले, काचेचा एक डोळा गायब, गळ अडकवायचा स्क्रू सैल झालेला. असं आमिष टाकून देववत नाही आणि पाण्यात सोडायचीही छाती होत नाही. मी सुतारकाम करायचो, धाकटा भाऊ रंगकाम करायचा आणि दोघांनाही मासेमारीचा नाद. त्यामुळे ही कामं आपसूक आमच्याकडे येऊ लागली.

पाणी शिरून उभं चिरलेलं आमिष उघडलं की बनवणाऱ्याचा सगळा विचार समोर येतो. शिसं पोटात नेमकं कुठे बसवलंय, तार नाकापासून शेपटीपर्यंत सलग ओढलीय की नुसते स्क्रू पिळलेत, लाकडाच्या रेषा अंगाच्या लांबीने धरल्यात की नाही, सगळं कळतं. हे पाहत पाहत आमचा हात तयार झाला. मग गिऱ्हाइकंच विचारू लागली, "अगदी असंच नवीन करून द्याल का?"

जुन्या घडणींचा अभ्यास करताना आम्ही तीन घराण्यांपाशी जास्त रमलो. पहिलं अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं, डोवाजॅक गावच्या जेम्स हेडन यांचं. हा मूळचा मधमाश्या पाळणारा माणूस. हाताने तासलेला लाकडाचा तुकडा सहज तळ्यात टाकला आणि त्यावर बास माशाने झडप घातली, अशी त्यांची गोष्ट सांगतात. 1902 मध्ये त्यांना आपल्या आमिषाचं पेटंट मिळालं. दुसरं इंडियानातल्या गॅरेटच्या क्रीक चब कंपनीचं. तोंडाखाली धातूची पट्टी लावून आमिषाला बुडी मारायला लावणं, हे यांचं वैशिष्ट्य. 1932 साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी 22 पौंड 4 औंसांचा लार्जमाउथ बास पकडला तो क्रीक चबच्याच आमिषावर. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्या वजनाची बरोबरी झाली, पण विक्रमावरचं पेरींचं नाव काही पुसलं गेलं नाही.

तिसरे फिनलंडचे लाउरी रापाला, आणि आमचा जीव सगळ्यात जास्त यांच्यावर. सरोवरात जाळी टाकताना त्यांच्या लक्षात आलं की मोठा मासा थव्यातला धडधाकट मासा सोडतो आणि लंगडत पोहणारा उचलतो. 1936 मध्ये त्यांनी चांभाराच्या सुरीने बुचाच्या तुकड्यातून असा लंगडा मासा कोरला, चॉकलेटच्या चंदेरी कागदाने मढवला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप वर चढवला. घरात जे होतं त्यातूनच! पण खरं मोल त्या निरीक्षणाचं आहे. जुन्या आमिषाची नक्कल म्हणजे त्याच्या चालीची नक्कल, रूप त्यानंतर. आमचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

चाल येते तोंडाखालच्या पट्टीतून. आमिष ओढलं की पट्टीच्या एका कडेवरून पाणी सुटतं, मग दुसऱ्या, आणि अंग डावी-उजवीकडे हलू लागतं. पट्टी अंगाशी काटकोनाकडे उभी केली तर आमिष वरच्या पाण्यात राहतं आणि जोरात डोलतं. तीच पट्टी अंगाच्या रेषेत आडवी होत गेली की ते खोल जातं आणि थरथर बारीक होते. पोटातलं वजन आमिषाला उलटू देत नाही, पण जास्त झालं की डोलणंच मारून टाकतं. म्हणून भोक पाडण्याआधी आम्ही वजन बाहेरून चिकटवून आमिष पाण्यात तरंगवून पाहतो.

लाकूडही यात बोलतं. बाल्सा इतका हलका की त्याचं घनमीटर साधारण 160 किलो भरतं. सीडर त्याच्या दुपटीहून जड. बाल्साचं आमिष हलक्या ओढीनेही नाचतं, पण दाताखाली लवकर चेपतं, म्हणून त्यात आम्ही तार सलगच घालतो. पृष्ठभागावर पाणी उडवत येणाऱ्या आमिषांना मेपलसारखं जड लाकूड बरं, कारण ते लांब फेकलं जातं.

रंगाचं खातं भावाकडे. आधी लाकूड एपॉक्सी राळेने बंद करायचं, मग पांढरा हात, आणि खवले हवे असतील तर अंगावर बारीक जाळीचं कापड ताणून वरून एअरब्रशने फवारायचं. जाळी उचलली की खवले तयार. ही युक्ती जुन्या कारखान्यांचीच, आणि तिच्याहून सुंदर परिणाम आम्हाला अजून दुसऱ्या कशाने साधलेला नाही.

ओळख वाढली तसा त्रासही झाला. एका विक्रेत्याने आमचीच आमिषं घासून, जुनाट करून संग्राहकांना जुनी म्हणून विकली. फार वाईट वाटलं. जुन्या आमिषांवर जीव टाकणाऱ्या माणसांची ही उघड फसवणूक होती. तेव्हापासून रंगाच्या आधीच आम्ही प्रत्येक पोटावर आमचं चिन्ह आणि वर्ष डाग देऊन उमटवतो. तो डाग लाकडात उतरतो, रंग खरवडला तरी जात नाही. शिवाय जुनी पेटंटं संपली असली तरी आमिषांची प्रसिद्ध नावं आजही नोंदणीकृत आहेत, म्हणून आमच्या मालाला आम्ही आमचीच नावं देतो.

मागणी वाढल्यावर नमुन्यावरून अंग उतरवणारं लेथ घेतलं. ढोबळ घडण आता त्यावर होते. पण पाण्याच्या टाकीत ओढून पाहायची चाचणी हातानेच, आणि ती एकाही नगाला चुकत नाही. एकाच फळीतून निघालेले दोन तुकडे सारखे नसतात, त्यामुळे एक सरळ येतं आणि दुसरं डावीकडे पळतं. डावीकडे पळालं तर दोरी बांधायची कडी पक्कडने किंचित उजवीकडे वाकवायची, इतकी किंचित की डोळ्याला दिसूही नये. पुन्हा ओढायचं, पुन्हा पाहायचं. ही वेळ वाचवायला सांगणारे सल्लागार भेटले, मोठी ऑर्डर देऊ म्हणणारेही भेटले. आम्ही नाही म्हटलं. सरळ न पोहणारं आमिष कितीही देखणं असलं तरी ते आमच्या दारातून बाहेर जायचं नाही.

सध्या आम्ही शिशाला रजा देतो आहोत. गळ तुटून तळाशी राहिलेलं शिसं पाण्याला आणि पाखरांना विषच आहे. त्याच्या जागी घातलेला टंगस्टन धातू शिशाहून बराच जड, त्यामुळे भोक लहान पुरतं आणि वजन आणखी खाली बसतं. पण त्यामुळे प्रत्येक जुन्या नमुन्याचा तोल नव्याने लावावा लागतोय. एकसंध अंगाच्या आमिषांचं जमलं आहे. मधे सांधा असलेल्या दोन तुकड्यांच्या आमिषांवर काम चालू आहे, आणि त्यांची चाल मनासारखी उतरेपर्यंत त्यांची मागणी आम्ही घेत नाही.