तुम्ही विचारलंत म्हणून : गंगाजळी पुरेशी आहे का?

सोलापुरातल्या टॉवेल-चादरींच्या निर्यातदारांची कागदपत्रे ज्या विभागात येतात, त्या बँकेच्या परकीय चलन विभागात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्यामुळे देशाच्या गंगाजळीचा, म्हणजे परकीय चलन आणि सोन्याच्या साठ्याचा, रिझर्व्ह बँकेने दिलेला शुक्रवारचा आकडा शनिवारच्या वर्तमानपत्रात छापून आला की ओळखीचे लोक मला अजूनही विचारतात, ‘देशाकडे एवढे अब्ज डॉलर आहेत, हे पुरेसे आहेत का?’ त्यांना मी आधी दोन गोष्टी विचारतो. येत्या बारा महिन्यांत देशाला बाहेर किती डॉलर द्यायचे आहेत, आणि साठ्यातले किती डॉलर खरोखर मोकळे आहेत? हे कळल्याशिवाय नुसत्या गंगाजळीच्या आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे मत १९९१ साली बँकेच्या काउंटरवर तयार झाले. सूत रंगवण्यासाठी लागणारी परदेशी रंगद्रव्ये मागवायची तर कारखानदाराला आमच्याकडे एलसी, म्हणजे परदेशी विक्रेत्याला पैसे मिळतील अशी बँकेची हमी, उघडावी लागे. ऑक्टोबर १९९० मध्ये यंत्रसामग्री सोडून इतर आयातीवर रिझर्व्ह बँकेने ५० टक्के रोख मार्जिन लावले आणि एप्रिल १९९१ पर्यंत ते २०० टक्क्यांवर नेले. एक लाखाचा माल मागवायचा असेल तर दोन लाख रुपये आधी भरायचे आणि तेही बिनव्याजी अडकवून ठेवायचे, हे समोर बसलेल्या माणसाला समजावून सांगणे फार जड जाई. चांगल्या ऑर्डरी हातात असलेले लोक फॉर्म न भरता उठून जात.

त्या काळाबद्दल बोलताना ‘दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले होते’ हे वाक्य सगळेच वापरतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. मार्च १९९१ अखेर सोन्यासह एकूण गंगाजळी सुमारे ५.८ अब्ज डॉलर होती आणि वर्षाच्या आत फेडायच्या बोलीने घेतलेले परकीय कर्ज सुमारे ८.५ अब्ज, म्हणजे साठ्याच्या जवळजवळ दीडपट. एरवी असे कर्ज मुदत संपली की पुन्हा मिळते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या वर्षी परदेशी बँकांनी नूतनीकरण नाकारायला सुरुवात केली, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या आणि जुलैपर्यंत सोने वगळता हातातले चलन एक अब्ज डॉलरच्या आसपास आले. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. सुताच्या व्यापाऱ्याची उधारी महिनाअखेरीस एकदम अंगावर आली की यंत्रमागधारकाच्या खात्यातली शिल्लक जशी निरुपयोगी ठरते, तशी ती स्थिती होती.

साठा मोठा असूनही तो मोकळा नसेल तर काय होते, हे दक्षिण कोरियाने दाखवून दिले. नोव्हेंबर १९९७ अखेर त्यांच्या कागदावर सुमारे २४ अब्ज डॉलर होते, पण त्यांतली मोठी रक्कम मध्यवर्ती बँकेने कोरियन बँकांच्याच परदेशी शाखांत ठेवलेली होती आणि त्या शाखांनी ती आपली देणी भागवायला वापरली होती. प्रत्यक्ष वापरता येतील असे जेमतेम ७ अब्ज उरले. थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने त्याच वर्षी चलन सावरण्यासाठी पुढच्या तारखांना डॉलर देण्याचे एवढे सौदे करून ठेवले होते की साठ्याचा बराचसा भाग आधीच बांधला गेला होता. आपल्या शेजारचा श्रीलंका तर अगदी अलीकडचा. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत जाहीर साठा १.८ अब्ज डॉलरच्या आसपास होता, पण त्यात चीनबरोबरच्या चलन-अदलाबदलीचे (दोन मध्यवर्ती बँकांनी एकमेकींचे चलन उसने घेण्याच्या कराराचे) सुमारे दीड अब्ज धरलेले होते. प्रत्यक्ष खर्च करता येतील असे पाच कोटी डॉलरही नाहीत, हे तिथल्या अर्थमंत्र्यांना संसदेत सांगावे लागले.

आशियाई संकटानंतर, १९९९ मध्ये, अर्जेंटिनाचे माजी उपअर्थमंत्री पाब्लो गिडोटी आणि अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन यांच्या नावाने एक साधी कसोटी रूढ झाली : कोणीही नवे कर्ज दिले नाही तरी वर्षभरातली परकीय कर्जफेड साठ्यातून व्हायला हवी. इथे एक बारकावा आहे आणि तो वर्तमानपत्रांत बहुधा सुटतो. दहा वर्षांसाठी २०१६ मध्ये घेतलेले कर्ज मूळ मुदतीने दीर्घ मुदतीचे असले, तरी २०२६ उजाडताच ते त्याच वर्षीचे देणे होते. म्हणून कर्जाची उर्वरित मुदत पाहावी. मूळ मुदतीने मोजलेल्या कर्जाचे साठ्याशी प्रमाण दिसायला नेहमीच सुखद असते.

मग भारताचे काय? सप्टेंबर २०२४ मध्ये गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती, आणि त्या वर्षी उर्वरित मुदतीने मोजलेले वर्षभराचे देणे तिच्या निम्म्याहूनही कमी होते. या कसोटीवर आपण व्यवस्थित उतरतो आणि १९९१ शी तुलना करून घाबरण्याचे कारण मला दिसत नाही.

तरीही मी दोन वजावटी करतो. पहिली वायद्यांची. आपला टॉवेल निर्यातदार नव्वद दिवसांनी येणारे डॉलर आजच बँकेला ठरल्या दराने विकून ठेवतो. रुपया सावरताना रिझर्व्ह बँकही असेच पुढच्या तारखेचे डॉलर विकते, आणि तेवढे डॉलर तोवर साठ्यात दिसत राहतात. फेब्रुवारी २०२५ अखेर अशी निव्वळ विक्री सुमारे ८८ अब्ज डॉलर होती. त्यांतले काही सौदे पुढे ढकलले जातात, पण साठा मोजताना ते वजा धरणेच शहाणपणाचे आहे. दुसरी वजावट शेअर बाजारातल्या परदेशी पैशांची. ते कर्ज नसल्याने अल्पमुदतीच्या देण्यांत मोजले जात नाहीत, पण जायचे ठरवले तर काही दिवसांत डॉलर मागतात.

वायद्यांचा आकडा शोधायला कुठे लांब जावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ठरवून दिलेल्या तक्त्यात रिझर्व्ह बँक दर महिन्याला साठा आणि पुढच्या बारा महिन्यांची ठरलेली देणी एकत्र प्रसिद्ध करते. शनिवारचे वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्यांना मी आधी त्या तक्त्याचा दुसरा, देण्यांचा भाग उघडायला सांगतो.