डॉली पार्टन नावाची होडी

दोन तास वल्हवायचं, दोन तास आडवं व्हायचं. रात्रंदिवस हेच. हाताला घट्टे आणि खाऱ्या पाण्यानं बसायच्या जागी फोड! तेही कॅन्सरवर उपचार चालू असताना.

ब्रिटनच्या कॅट कॉर्डिनरला आधी गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला, मग तो अंडाशयात उलटला. हातात काही वर्षं आहेत, दशकं नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तरी डिसेंबर 2021मध्ये ॲबी जॉन्स्टन आणि शार्लट अर्विंगसोबत ती कॅनरी बेटांमधल्या ला गोमेराहून निघाली. सुमारे 4,800 किलोमीटर अटलांटिक वल्हवून 42 दिवसांत तिघी कॅरिबियनमधल्या अँटिग्वाला पोचल्या. तीन बायकांच्या चमूचा आधीचा विक्रम त्यांनी सात दिवसांनी मोडला. होडीला अमेरिकन गायिका डॉली पार्टनचं नाव, हे मला फारच आवडलं. जमवलेला निधी कॅन्सर रिसर्च यूकेसह कॅन्सरच्या तीन संस्थांना गेला.

माझ्या केमोच्या वेळी जिना चढताना धाप लागायची, त्यामुळे 'बघ, ती करू शकते' म्हणून ही बातमी पाठवणाऱ्यांचा रागच आला होता. आता मात्र जिममधल्या रोइंग मशीनवर बसते. समुद्राचं विचारू नका, मला मांडव्याच्या फेरीतही बोट लागते.