आमची वाटचाल : डेटा बाहेर द्यायचा, ताबा मात्र सोडायचा नाही

पुण्यातली आमची फर्म एकच काम करते. कंपन्यांच्या क्लाउड डेटा वेअरहाउसमधला (भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरांवरच्या मोठ्या डेटा-कोठारातला) निवडक डेटा त्यांचे वितरक, पुरवठादार, जाहिरात संस्था, ऑडिटर अशा बाहेरच्या लोकांना सुरक्षितपणे उपलब्ध करून देणे. ग्राहक बहुतेक खाद्यपदार्थ, औषधे आणि दुधाच्या धंद्यातले. काम सुरू झाले फाइलींपासून, आणि आज ते जवळजवळ फाइलींशिवाय चालते. ज्यांना आपल्या कंपनीत हीच व्यवस्था उभी करायची आहे, त्यांच्यासाठी या पल्ल्यातले तपशील लिहीत आहोत.

पहिला टप्पा सगळ्यांच्या ओळखीचा आहे : रोज रात्री सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या किमतींची साधी मजकूर) फाइल काढायची आणि एसएफटीपी (फाइली सुरक्षितपणे पाठवण्याच्या) सर्व्हरवर ठेवायची. घेणारा ती एक्सेलमध्ये उघडतो. मग ८९० ने सुरू होणारा १३ अंकी बारकोड घातांकाच्या रूपात दिसतो आणि तसाच सेव्ह झाला तर शेवटचे अंक कायमचे जातात. ग्राहक क्रमांकापुढची शून्ये गळतात, देवनागरी नावे विस्कटतात, १०,४८,५७६ ओळींपुढचे काही दिसतच नाही. पुढे ॲमेझॉनच्या एस-३ या क्लाउड साठ्यावर फाइल ठेवून डिजिटल सही केलेली लिंक द्यायची पद्धत आली. तिची मुदत जास्तीत जास्त ७ दिवस, आणि सही तात्पुरत्या परवान्याने केली असेल तर तो परवाना संपताच लिंकही बंद. शिवाय लिंक ज्याच्या हाती, फाइल त्याची. या सगळ्यांत खरी अडचण एकच होती. दिलेली प्रत दुरुस्त करता येत नाही आणि परतही घेता येत नाही. मार्चच्या विक्रीतला परत आलेला माल एप्रिलमध्ये नोंदला गेला, की बाहेर गेलेली प्रत्येक फाइल जुनी झाली.

स्नोफ्लेक या क्लाउड डेटा वेअरहाउस पुरवणाऱ्या कंपनीने २०१७ मध्ये डेटा शेअरिंग आणले आणि आमच्या कामाचा पाया बदलला. देणारा आणि घेणारा एकाच क्लाउडच्या एकाच रीजनमध्ये (एका भागातल्या डेटा सेंटरांच्या समूहात) असतील तर डेटाची प्रत होतच नाही. घेणाऱ्याच्या खात्यात फक्त वाचता येणारा डेटाबेस दिसतो, तो थेट आपल्याच साठ्यावर बसलेला असतो. साठवणीचा खर्च देणाऱ्याचा, क्वेरीचा (डेटाला विचारलेल्या प्रश्नाचा) खर्च घेणाऱ्याचा. सकाळी केलेली दुरुस्ती त्याला पुढच्याच क्वेरीत दिसते.

शेअर (काय द्यायचे आणि कोणाला, याची नोंद) तयार करायला पाच-सहा आदेश पुरतात. मूळ टेबले मात्र कधीच थेट देऊ नयेत. आम्ही देण्यासाठी वेगळा डेटाबेस करतो, त्यात फक्त सिक्युअर व्ह्यू (टेबलांतला निवडक भागच दाखवणाऱ्या, साठवून ठेवलेल्या सुरक्षित क्वेरी) ठेवतो, मग शेअर बनवून त्याला डेटाबेस आणि स्कीमा (डेटाबेसमधला कप्पा) वापरण्याचा आणि व्ह्यू वाचण्याचा हक्क देतो, आणि शेवटी घेणाऱ्याचे खाते जोडतो. व्ह्यू दुसऱ्या डेटाबेसमधल्या टेबलांवर बसलेला असल्याने त्या डेटाबेसवर रेफरन्स युसेज हा हक्कही शेअरला द्यावा लागतो. तो राहिला की काम अडते, आणि नवीन माणूस चूक व्ह्यूमध्ये शोधत बसतो. व्ह्यू सिक्युअरच का, असे ग्राहक हमखास विचारतात. साध्या व्ह्यूत क्वेरी वेगवान करताना ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) घेणाऱ्याची अट आधी आणि आपली गाळणी नंतर लावू शकतो. मग जाणकार माणूस मुद्दाम शून्याने भागाकार घडवणारी अट लिहून, चूक येते की नाही यावरून लपवलेल्या ओळींचा अंदाज घेऊ शकतो. सिक्युअर व्ह्यूत ही वाट बंद होते आणि व्ह्यूची व्याख्याही त्याला दिसत नाही. बदल्यात तो थोडा हळू चालतो. मोठ्या टेबलांवर वितरक क्रमांकानुसार क्लस्टरिंग केले (सारख्या ओळी जवळजवळ साठवल्या) की हा फरक बराच भरून निघतो.

प्रत्येक वितरकाला त्याच्याच ओळी दिसाव्यात म्हणून वेगवेगळे व्ह्यू करत बसू नये. एका छोट्या टेबलात खाते आणि वितरक क्रमांक यांची जोडी ठेवावी आणि व्ह्यूमध्ये, क्वेरी चालवणारे खाते सांगणाऱ्या करंट अकाउंट या फंक्शनने ती जुळवावी. इथे एक फार गंभीर सापळा आहे. शेअरमधून वाचताना करंट यूजर आणि करंट रोल ही (वापरणारा आणि त्याची भूमिका सांगणारी) फंक्शने रिकामी किंमत देतात. तुमचे मास्किंग धोरण (कोणापासून कोणती किंमत झाकायची याचा नियम) रोलवर आधारलेले असेल, आणि कोणतीच अट जुळली नाही तर मूळ किंमत दाखवायची असे त्यात लिहिले असेल, तर बाहेरच्या प्रत्येकाला सगळे उघडे दिसेल. म्हणून धोरणाची शेवटची शाखा नेहमी झाकणारीच असावी. घेणाऱ्याचे खाते जोडण्याआधी सिम्युलेटेड कन्झ्युमर हा सेशन पॅरामीटर (चालू सत्रापुरती सेटिंग) त्याच्या खात्याच्या नावावर लावून व्ह्यू चालवून पाहावा. किती ओळी येतात आणि दुसऱ्या वितरकाची एखादी येते का, हे दोन मिनिटांत कळते.

चालू झालेला शेअर अचानक रिकामा दिसू लागला, तर सगळ्यात आधी क्रिएट ऑर रिप्लेस तपासा. या आदेशाने व्ह्यू किंवा टेबल नव्याने बनते आणि शेअरला दिलेला हक्क गळून पडतो. आपल्या बाजूला सगळे व्यवस्थित, नोंदींत चूक नाही, आणि घेणाऱ्याला म्हणे ऑब्जेक्टच सापडत नाही. आदेशात कॉपी ग्रँट्स (जुने हक्क कायम ठेवा) लिहावे. डीबीटी (टेबले आणि व्ह्यू बनवण्याचे साधन) वापरत असाल तर त्यातली त्याच नावाची सेटिंग चालू ठेवावी. पुढे बनणाऱ्या टेबलांवर आपोआप हक्क देण्याची सोय शेअरला लागू नाही. आमच्या मते ते बरेच आहे. बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट माणसाने ठरवून जोडलेली असावी.

ज्या घेणाऱ्याचे स्नोफ्लेक खाते नाही त्याला रीडर खाते काढून देता येते, पण मग त्याच्या क्वेरीचे बिल देणाऱ्यावर येते. सगळ्यात लहान वेअरहाउस (स्नोफ्लेकमध्ये क्वेरी चालवणाऱ्या यंत्रणेलाही हेच नाव आहे) तासाला १ क्रेडिट (स्नोफ्लेकचे बिल मोजण्याचे एकक) खाते आणि प्रत्येक वेळी सुरू होताना किमान ६० सेकंदांचे शुल्क लागते. ऑटो-सस्पेंड (काम नसताना आपोआप थांबणे) ६० सेकंदांवर ठेवावा आणि खात्यात रिसोर्स मॉनिटर (खर्चाला मर्यादा घालणारी सोय) लावल्याशिवाय कोणाला लॉगिन देऊ नये. मॉनिटरमध्ये नुसते सस्पेंड निवडले तर चालू क्वेरी संपेपर्यंत खर्च सुरूच राहतो. लगेच थांबवायचे असेल तर सस्पेंड इमिजिएट हाच पर्याय.

रीजनचा प्रश्न करार करतानाच सोडवावा. ग्राहकाचे खाते ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये आणि घेणारा मायक्रोसॉफ्टच्या पुण्यातल्या सेंट्रल इंडियात असेल, तर अंतर रस्त्याने तीन-चार तासांचे असले तरी थेट शेअर होत नाही. डेटाची नक्कल तिकडच्या रीजनमध्ये ठेवावी लागते, आणि वाहतूक व साठवण असे दोन्ही खर्च वाढतात. घेणारा सिंगापूरला असेल तर प्रत देशाबाहेर जाते, तेव्हा ग्राहकाच्या कायदेशीर सल्लागाराची लेखी संमती आल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

सगळेच घेणारे स्नोफ्लेकवर नसतात. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये डेटाब्रिक्स या कंपनीने खुला केलेला डेल्टा शेअरिंग प्रोटोकॉल आम्हांला फार उपयोगी पडला. घेणाऱ्याला एक छोटी प्रोफाइल फाइल मिळते. तिच्यात सर्व्हरचा पत्ता, टोकन (पासवर्डसारखा गुप्त मजकूर) आणि टोकनची मुदत असते. पायथॉनच्या दोन-तीन ओळींत टेबल उघडते, पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या साधनातही चालते. आत काय घडते ते माहीत असावे : सर्व्हर टोकन तपासतो आणि पार्के (कॉलमनुसार साठवलेल्या) फाइलींच्या अल्पमुदतीच्या सही केलेल्या लिंका देतो, घेणारा त्या फाइली थेट क्लाउड साठ्यातून वाचतो. म्हणजे दुसऱ्या क्लाउडमधून किंवा ऑफिसातून कोणी रोज पूर्ण टेबल खेचत असेल, तर बाहेर जाणाऱ्या डेटाचे बिल देणाऱ्याच्या खात्यावर चढते. तारखेनुसार पार्टिशन केले (टेबलाचे भाग पाडले) आणि घेणाऱ्याला तारखेची अट लावायला शिकवले की ते आटोक्यात येते.

टोकन असलेली ही फाइल म्हणजे किल्लीच आहे. ती मिळवण्याची ॲक्टिव्हेशन लिंक एकदाच चालते. घेणाऱ्याने लिंक उघडली आणि ती आधीच वापरलेली निघाली, तर ते टोकन ताबडतोब रद्द करून नवे द्यावे. टोकनची मुदत आम्ही ९० दिवस ठेवतो, आयपी पत्त्यांची यादी लावतो, आणि बदलताना जुने टोकन काही दिवस चालू ठेवून दोन्हींचा काळ एकमेकांवर येऊ देतो. नाहीतर घेणाऱ्याचे रात्रीचे जॉब एकदम कोसळतात. गूगलच्या बिगक्वेरी या वेअरहाउसवर लिंक्ड डेटासेटची (देणाऱ्याच्या डेटाला जोडलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या डेटासेटची) अशीच सोय आहे, तिथे क्वेरीचा खर्च घेणारा देतो. मात्र डेटासेटचे ठिकाण एकदा ठरले की बदलता येत नाही, म्हणून मुंबई की दुसरे काही हे आधीच ठरवावे.

तंत्र इतके सोपे झाल्यावर आमचा जास्तीत जास्त वेळ नेमके काय द्यायचे हे ठरवण्यात जातो. मोबाइल क्रमांक नुसता हॅश करून (गणिती सूत्राने ठराविक लांबीच्या खुणेत बदलून) दिला की तो सुरक्षित झाला, ही समजूत फार पसरली आहे आणि ती धोक्याची आहे. भारतातला मोबाइल क्रमांक १० अंकी, पहिला अंक ६ ते ९, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. त्या सगळ्यांचे हॅश साध्या ग्राफिक कार्डावर काही मिनिटांत काढून जुळवता येतात. गुप्त किल्ली वापरणारा एचमॅक हा हॅशचा प्रकार घ्यावा, आणि प्रत्येक घेणाऱ्याला वेगळी किल्ली लावावी, म्हणजे दोन घेणारे आपापली टेबले एकत्र करून तीच व्यक्ती ओळखू शकणार नाहीत. पत्त्याऐवजी पिनकोडचे पहिले ३ अंक, जन्मतारखेऐवजी वयोगट, आणि १० पेक्षा कमी ग्राहकांचा गट असेल तर आकडा झाकायचा. पण झाकलेला आकडा वजाबाकीने बाहेर येतो. सिंधुदुर्गाची एकूण बेरीज दिली, दोडामार्ग झाकला आणि बाकीचे तालुके उघडे ठेवले, तर दोडामार्गचा आकडा कोणीही काढेल. अशा वेळी आणखी एक तालुका झाकावा लागतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि प्रक्रिया करणाऱ्या बाहेरच्या संस्थेशी वैध करार असणे बंधनकारक आहे.

वेळेची गडबडही सतत भेटते. वेअरहाउसमध्ये वेळ यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) असते. घेणाऱ्याने त्यातून थेट तारीख काढली, तर आपल्याकडच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार आदल्या दिवशी पडतात. पहाटेच्या दूध वितरणात तर हा फरक डोळ्यांवर येण्याइतका मोठा असतो. म्हणून भारतीय वेळेनुसार काढलेली व्यवसाय-तारीख आम्ही स्वतंत्र कॉलममध्ये देतो, आणि डेटा शेवटचा कधी भरला हे सांगणारा एका ओळीचा व्ह्यूही. कॉलम बदलायचा असेल तर जुना व्ह्यू तसाच ठेवून नवा त्याच्या शेजारी आणतो आणि दोन्ही ९० दिवस चालवतो.

शुल्क आम्ही टेबलांवर आकारत नाही, घेणाऱ्यांच्या संख्येवर आकारतो, कारण देखभाल माणसांमागे वाढते. प्रत्येक घेणाऱ्याची नोंद असते : कोणते व्ह्यू, कोणत्या कारणासाठी, मंजुरी कोणाची, शेवटची तारीख कोणती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्रणेच्या वापराच्या नोंदी) १८० दिवस भारतात ठेवायचे असतात, आणि सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. थेट शेअरमध्ये घेणाऱ्याने कोणती क्वेरी चालवली हे देणाऱ्याला दिसत नाही. रीडर खात्यात आणि डेल्टा शेअरिंगच्या ऑडिट लॉगमध्ये बरेच काही दिसते. संवेदनशील डेटासाठी पद्धत निवडताना आम्ही हा फरक धरतो.

शेअर बंद करताना खाते शेअरमधून काढायचे, टोकन रद्द करायचे, जोडीच्या टेबलातली ओळ मिटवायची, आणि घेणाऱ्याच्या बाजूने क्वेरी खरोखर नाकारली जाते का ते त्यांच्याच माणसाकडून चालवून घ्यायचे. तोवर त्यांनी आपल्या टेबलात उतरवून घेतलेला डेटा मात्र कोणत्याही आदेशाने परत येत नाही. त्यासाठी करारात तो नष्ट करण्याची मुदत आणि तसे लेखी कळवण्याची अट असावी लागते. आमच्या मसुद्यात ती ३० दिवसांची आहे, आणि तिच्यावर सही झाल्याशिवाय आम्ही पहिला व्ह्यूही जोडत नाही.